चिमट्यांची शेरडं

ओल्या कपड्यांनी लगडलेली बांबूची काठी नवव्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर काढायची आणि तिचा बुंधा भिंतीतल्या नळकांड्यात बसवायचा, हे काम संजीवनीला काही केल्या साधत नव्हतं. काठी जड, खांदा उतरलेला, आणि खाली पाहिलं की ती काठी परत आत ओढून घ्यायची. गावाकडं तिनं डोक्यावर दोन-दोन घागरी वाहिल्या होत्या, पण तिथं पाय जमिनीवर असायचे. त्यात हे धुराचे दिवस. समुद्रापलीकडं कुठं रानं पेटली होती म्हणे, आणि आठ दिवस लेकाच्या परदेशातल्या या सेम्बावांग वस्तीचं आभाळ पांढुरकं पडलं होतं. कपडे वाळायचे, पण चुलीपुढं टांगल्यासारखा वास मारायचे.

त्या दिवशी काठी निसटली. तिनं ती कशीबशी छातीशी धरली, पण चिमट्यांचं टोपलं कलंडलं आणि रंगीत चिमटे फरशीवरून पार दारापर्यंत उडाले. दाराशी अवनी बसली होती.

ती दाराशीच बसायची. चार वर्षांची नात, बुटांच्या कपाटाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, बाहेरच्या लोखंडी जाळीकडं बघत. जेवायला तिथंच, झोपायलाही तिथंच. सुबोध तिला उचलून पलंगावर ठेवायचा आणि पहाटे पोर पुन्हा दाराला आडवी पसरलेली असायची. एक चिमटा घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिनं तो पाहिला आणि पाय आणखी आत ओढून घेतला.

"ऱ्हाऊ दे हं, मी उचलते," संजीवनी म्हणाली.

सतरा दिवस झाले होते तिला येऊन आणि पोर अजून तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तीस वर्षं पिंगळवाडीची अंगणवाडी चालवलेली बाई ही. रडकं म्हणू नका, चावरं म्हणू नका, मुकं म्हणू नका, कसलंही पोर आणा, आठ दिवसांत ते संजीवनीबाईंच्या मांडीवर बसून खिचडी खायचं. आणि सख्खी नात पाय ओढून घेते, म्हणजे आता काय म्हणावं? तिनं गुडघ्यावर रांगत एकेक चिमटा गोळा केला.

घरात आणखी होतंच कोण. सुबोध, तिचा लेक, जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. पहाटे पाचला घर सोडायचा, खाली कंपनीची बस, गळ्यात पास, आणि घरी यायला संध्याकाळचे सात. अनुया, त्याची बायको, जूनमध्ये डेंग्यूनं गेली. चार दिवस ताप आणि पाचव्या दिवशी बाई संपली. बत्तीस वर्षांची. सुबोधनं होत्या नव्हत्या तेवढ्या सुट्ट्या काढल्या, आणि त्या सरल्या तेव्हा आईला बोलावून घेतलं.

त्या संध्याकाळी संजीवनी भाकरी थापत होती. सुबोध ओट्याला टेकून उभा होता, कारखान्याचे बूट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"आई, तुझा इथं ऱ्हायचा पास वाढवला तरी ऑक्टोबरपर्यंत. त्यापुढं एक दिवस न्हाई देत ते."

"मग हिचं काय?"

"खाली चाइल्डकेअर हाय. तोवर तिथं दिवसभर ऱ्हायला लागली तर मी पाळी बदलून घेतो, ऱ्हाईल माझ्यापाशी. न्हाईतर तू ने गावाला."

"आन् तू?"

"येईन की वर्षातनं एकदा."

तो हे भिंतीकडं बघून बोलला. खोटं कशाला सांगा, संजीवनीला पहिल्यांदा बरंच वाटलं. पोर गावाला येईल, शाळेत जाईल, दावणीची शेरडं बघून हरखेल. पण दुसऱ्या दिवशी सातला लिफ्ट वाजली आणि अवनी ताडकन उठली. दोन्ही मुठींनी जाळी धरली. शेजाऱ्याचं कुणी आलं होतं, पोर पुन्हा खाली बसली. परत लिफ्ट वाजली, परत उठली. चौथ्या खेपेला बाप आला तेव्हा तिनं त्याच्या पँटला तोंड लावलं आणि नुसता श्वास सोडला. संजीवनीच्या हातातली परात तशीच राहिली. हिला आता बापापासून तोडली तर पोर मरायची नाही, पण जगायचीही नाही, हे तिला लख्ख कळलं. मनातलं गाव तिनं मनातच पुरलं आणि कामाला लागली.

बुजऱ्या पोराशी मैत्री करायची तर त्याच्याकडं बघायचं नाही, हा अंगणवाडीचा पहिला धडा. पाठ करून बसायचं आणि आपलं आपण खेळायचं. पोराला आपली गरज नसते, आपल्या खेळाची असते. आतल्या खोलीत खेळण्यांचा ढीग होता. बाहुल्या, ठोकळे, डबल डेकर बस, आणि कोपऱ्यात भातुकलीचा प्लास्टिकचा ओटा. त्या ओट्यावर इवली कढई, कढईत अर्धं चिरलेलं प्लास्टिकचं गाजर. जूनपासून ते तसंच होतं. अवनी त्या खोलीच्या उंबऱ्याकडंही जात नव्हती, म्हणून संजीवनीनं त्या खेळण्यांना हात लावला नाही. तिनं चिमट्यांचं टोपलं घेतलं आणि दारापासून चार हातांवर, पोरीकडं पाठ करून, मांडी ठोकली.

कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा तिनं पत्त्याएवढा कापला. खालच्या कडेला पुढं एक चिमटा लावला, मागं एक लावला. चार पाय झाले. पुढच्या टोकाला पेननं डोळा काढला, कानाची चिंधी चिकटवली.

"हे माझं शेरडू," ती भिंतीला म्हणाली. "हे लई द्वाड."

दुपारपर्यंत सहा शेरडं झाली. तांबडी, हिरवी, निळी, पिवळी, पांढरी आणि एक दोन रंगांची कबरी. त्यांना रात्री कोंडायला तिनं टॉवेलचा वाडा केला. सकाळी शेरडं रानात सोडायची, म्हणजे सोफ्याखाली सारायची, आणि दिवेलागणीला "हुर्रर्र, या गं या" करत माघारी आणायची. साठीची बाई फरशीवर पोटावर पडून सोफ्याखाली हात घालायची, तेव्हा पाठीतून कळ यायची आणि तोंडातून "आई गं" निघायचं. मागं हालचाल नाही. दोन दिवस नाही, चार दिवस नाही. पाचव्या दिवशी पाठीमागं फ्रॉकची सळसळ झाली, ती दोन हातांवर येऊन थांबली. संजीवनीनं मान वळवली नाही. मान वळवायची तिला इतकी हुक्की आली होती की तिनं दाताखाली पदर धरला.

सातव्या दिवशी तिनं मुद्दाम एक शेरडू सोफ्याखाली विसरलं.

"आली सगळी," ती म्हणाली. "लावा वाड्याचं दार."

तिनं टॉवेलची कड ओढली. तोच मागून एक बारीक, गंजल्यासारखा आवाज आला.

"नॉट येट. पिवळी नाही आली."

संजीवनीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं तसंच वाहू दिलं, कारण पुसायला हात उचलला असता तर पोरीला कळलं असतं. "अगं बया, व्हय की. मला दिसतच न्हाई म्हातारीला. आणतीस का?" पोर सरपटत सोफ्याखाली गेली. पिवळं शेरडू तिनं वाड्यात उभं केलं आणि बोटानं सगळी मोजली. मग परत मोजली.

तिथून पुढं खेळ रोजचा झाला. कपडे वाळत घालायला चिमटे उरले नाहीत, ते बाजारातून नवे आले. अवनी शेरडांना पोळीचे तुकडे चारायची, आजीच्या मांडीला टेकून बसायची, पण मधेच वळून दाराकडं बघायची. खेळता खेळता पाच-सहा वेळा. संजीवनीनं ते पाहिलं, आणि पाहूनही तिला उमगलं नाही. अतिशहाणपणा नडतो तो असा.

सप्टेंबरच्या शेवटी ती अवनीला खाली चाइल्डकेअरमध्ये घेऊन गेली. राधिका टीचर तमिळ होती, मोडकंतोडकं हिंदी बोलायची. मऊ गालिचा, ठोकळे, दहा-बारा पोरं. संजीवनीनं टोपल्यातून शेरडं काढली, ठोकळ्यांचा वाडा केला. अवनी मांडत गेली. एक चिनी पोरगं जवळ आलं, तिनं त्याला कबरी शेरडी धरू दिली. पोर रमली. आणि संजीवनीनं तीस वर्षं जे केलं तेच केलं. अंगणवाडीत आई पोराला कडेवर घेऊन यायची, संजीवनीबाई खेळणं पुढं करायच्या, पोराची मान खाली गेली की आईला डोळ्यानं खुणवायच्या, आणि आई मागच्या अंगानं पसार व्हायची. पोर अर्धा तास रडायचं, चार दिवसांनी रडायचं थांबायचं. थांबलं म्हणजे जमलं, असंच त्या म्हणायच्या. संजीवनी हळूच उठली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी बाहेर पडली.

दोन तासांनी ती आली तेव्हा अवनी काचेच्या दाराला दोन्ही पंजे लावून उभी होती. फ्रॉक ओला, मोजे ओले, पायाखाली थारोळं. राधिका टीचर कपडे घेऊन बाजूला उकिडवी बसली होती.

"आंटी, रोया नहीं," ती म्हणाली. "बिलकुल रोया नहीं. बस खड़ा है. किसी को छूने नहीं देता."

घरी आल्यावर अवनी वाड्यापुढं बसली. एकेका शेरडाचे पाय तिनं काढले, पुठ्ठे पालथे घातले, चिमटे टोपल्यात टाकले. मग आजीच्या चपला उचलल्या, पोटाशी धरल्या आणि दाराशी जाऊन आडवी झाली. झोपेतही चपला सोडवेनात.

संजीवनी तिच्याकडं बघत राहिली. जे कुणाला सांगितलं नव्हतं ते आता छातीवर येऊन बसलं. जूनमधल्या त्या दिवशी अनुयाचा फोन आला होता. ताप उतरत नाही, हे दवाखान्यात चल म्हणतात, पण अवनी पाय सोडत नाही हो आई. आणि संजीवनीनं इकडून ठसक्यात सांगितलं होतं, अगं तिला भातुकलीत रमव, शेजारणीला बसव, आन् हळूच निघ. माघारी बघू नगं. सून गुणाची. सांगितलं तसं केलं. माघारी बघितलं नाही आणि माघारी आलीही नाही. गाजर अर्धं चिरलेलं राहिलं.

सुबोध आला. त्याला जेवायला वाढून ती तव्यापुढं उभी राहिली.

"सुबोध, त्या दिशी अनुयाला मीच सांगितलं हुतं. पोरीला चुकवून निघायला."

सुबोधचा हात ताटात थांबला. "ठावं हाय मला."

"कसं?"

"टॅक्सीत म्हणाली ती. आईंनी सांगितलं तसं केलं, रडली पण नाही बघा, असं म्हणाली."

तव्यावर भाकरी करपायला लागली. दोघांनाही ती उलटायचं सुचलं नाही.

"मग इतकं दिस बोलला का न्हाईस मला?"

"बोलून काय करू?" तो म्हणाला. "मी तरी दुसरं काय करतो? रोज पहाटं झोपेतच उचलून बाजूला ठेवतो अन् दार ओढून जातो. चोरासारखा."

संजीवनीनं गॅस बंद केला. तीस वर्षांतली किती पोरं अशी दाराकडं बघत खेळली असतील, आणि आपण त्याला रमणं म्हणालो. तिला तिथंच मटकन बसावंसं वाटलं, पण बसून भागणार नव्हतं.

"उद्यापासनं तिला उठवायचं," ती म्हणाली. "डोळ्यापुढनं जायचं. सांगून जायचं."

"बिल्डिंग डोक्यावर घेईल, आई."

"घिऊ दे."

आणि घेतलीच. पहाटे पाचला पोरीला जागं करून बाप म्हणाला, "मी कामाला चाललो. संध्याकाळी येणार," आणि अवनीच्या तोंडून जो टाहो फुटला तो चार महिन्यांचा साठलेला होता. ती बापाच्या पायाला लोंबकळली, फरशीवरून फरपटत जाळीपर्यंत गेली. संजीवनीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. तसं सोडवताना तिचं तिला कसायासारखं वाटलं. शेजारची चिनी म्हातारी रात्रीच्या झग्यातच दारात येऊन रागानं काहीतरी बोलली. संजीवनीला एक शब्द कळला नाही. तिनं ओरडणारं पोर काखेत धरलं आणि उरलेला हात कपाळाला लावून माफी मागितली. म्हातारी बघत राहिली, मग दार लावून घेतलं. त्या दिवशी सुबोधची बस चुकली आणि त्यानं वरिष्ठाची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

चौथ्या दिवशी संजीवनीनं वाडा पुन्हा मांडला, शेरडांना पाय लावले. पहाटे अवनी उठली, रडली, आणि रडता रडता तिनं तांबड्या शेरडाचा मागचा चिमटा काढून बापाच्या शर्टावर, पासाच्या फितीशेजारी, लावून दिला. शेरडू मागच्या अंगावर बसलं.

"हा आणायचा," ती हुंदक्यात म्हणाली.

सुबोधनं तो दिवसभर काढला नाही. कारखान्यात हसले लोक. संध्याकाळी लिफ्ट वाजली आणि जाळीच्या आत येण्याआधीच अवनीनं शर्टाचा चिमटा ओढला, धावत जाऊन शेरडाला लावला. शेरडू उठून उभं राहिलं.

"आली," ती म्हणाली.

मग ती रीतच झाली. तांबडा चिमटा बापाचा, हिरवा आजीचा. चाइल्डकेअरच्या दारात संजीवनी पोरीपुढं गुडघ्यावर बसायची, सांगायची, "खिचडी खाऊन झाली की मी हजर," आणि पदराला हिरवा चिमटा लावून घ्यायची. पहिले चार दिवस आतलं रडणं तिला लिफ्टपर्यंत ऐकू यायचं. पण सांगितल्या वेळेआधी ती काचेशी उभी असायची. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अवनी जेवायला लागली, चिनी पोराला 'माय गोट' म्हणून दटवायला लागली, दिवसभर राहायला लागली. संध्याकाळी दोन्ही चिमटे परत आले की सहाही शेरडं उभी, आणि मग पोर आपल्या पलंगावर जाऊन झोपायची. दार मोकळं झालं.

एकदा वाडा लावताना ती सहज म्हणाली, "आईला मी चिमटा दिलाच नाही."

संजीवनीनं हातातलं शेरडू खाली ठेवलं. "दिला असतास तरी ती आली नसती, बाळा. ती मेली. मेलेलं माणूस येत न्हाई. तुझं काई चुकलं न्हाई." मग ती म्हणाली, "चुकलं माझं. तुला न सांगता जा, असं मीच म्हणलं हुतं तिला."

अवनीनं ते ऐकून घेतलं. मग आत गेली, उंबरा ओलांडून. इवल्या कढईतलं अर्धं गाजर काढून तिनं भातुकलीच्या टोपलीत ठेवलं, आणि येऊन आजीच्या मांडीला पाठ लावून बसली.

जायच्या आदल्या दिवशी सुबोध म्हणाला, "उद्या नेहमीसारखी सोड अन् तसंच आपण विमानतळावर जाऊ. मी सांगेन तिला नंतर, हळूहळू." संजीवनीनं बॅगेची चेन ओढली.

सकाळी अवनी तयार झाली. दारातल्या बॅगेकडं तिनं दोनदा पाहिलं. सुबोधच्या शर्टावर तांबडा चिमटा लावला. मग हिरव्या शेरडाचा मागचा चिमटा काढून आजीपुढं आली आणि पदराकडं हात नेला. संजीवनीनं तिचं मनगट धरलं.

"न्हाई, अवनी. आज मला न्हाई द्यायचा. मी सांजच्याला येणार न्हाई. उद्याबी न्हाई. मी माझ्या गावाला चाललेय. पुन्हा कवा येईन ते मला ठावं न्हाई. बाबा येत्याल, रोज येत्याल. मी न्हाई."

अवनीनं ऐकलंच नसल्यासारखा चिमटा पदराला लावला. संजीवनीनं तो काढला आणि शेरडाला लावला. अवनीनं शेरडाचा काढला, पदराला लावला. संजीवनीनं परत काढला. तिसऱ्या वेळी पोरीनं तिच्या अंगठ्याखालच्या मांसात दात रोवले. संजीवनीनं हात ओढला नाही. दात सुटले तेव्हा दोन्ही बाजूंनी रक्त फुटलं होतं आणि पोरीनं टाहो फोडला होता. शेजारचं दार उघडलं. म्हातारी आज काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. तसंच रडतं पोर उचलून त्यांनी खाली नेलं, आणि राधिका टीचरनं ते हातात घेतलं. संजीवनी अवनीच्या डोळ्यांदेखत, तिच्याकडं तोंड करून, मागं मागं पावलं टाकत बाहेर आली.

टॅक्सी विमानतळाकडं निघाली. सुबोधच्या शर्टावर तांबडा चिमटा होता.

"घेतला असतास चिमटा तर काय बिघडत हुतं?" तो म्हणाला. "हसत गेली असती आत."

संजीवनी हाताला रुमाल गुंडाळत होती.

"हसत गेली असती," ती म्हणाली. "मग सांजच्याला त्या बसक्या शेरडापुढं बसली असती. रोज बसली असती, सुबोध."

मुंबईत उतरून ती साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसली, तेव्हा तिच्या घड्याळात सात वाजले होते. काटे तिनं अजून मागं घेतले नव्हते, घड्याळ तिकडच्याच वेळेवर होतं. आत्ता लिफ्ट वाजली असेल. तांबडा चिमटा घरी आला असेल. पोरीनं बोटानं मोजली असतील, मग परत मोजली असतील, आणि सहाच्या सहा उभी असतील, एकही कमी नाही. संजीवनीनं रुमाल सोडून पाहिला. दातांचे वण काळे-निळे झाले होते. तिनं रुमाल परत गुंडाळला आणि हात पदराखाली घेतला.